हात खिशात ठेवून: बर्फावरच्या शर्यतीत पंच म्हणून दोन दिवस

ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो हेच मुळात पुण्यातल्या माझ्या मावशीला खरं वाटत नाही. "अगं, तिकडे कांगारू असतात ना?" असं ती दर फोनवर विचारते. असतात, मावशी. कांगारूही असतात आणि बर्फही असतो, आणि त्या बर्फात सकाळी सात वाजता हातात पेन्सिल घेऊन उभी राहिलेली तुझी भाचीही असते. मी परत येऊन दहा दिवस झाले. पायांची बोटं ताळ्यावर आली आहेत, डोकं अजून आलेलं नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

शुक्रवार: गुंगालिन ते जिंडाबाइन

आमची सानिका नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती शाळेबरोबर बर्फात गेली आणि स्कीइंगचं वेड घेऊन आली. आता शाळेच्या टीममध्ये आहे. शाळांच्या शर्यतीचा नियम असा, की प्रत्येक घरातून एका मोठ्या माणसाने दोन दिवस काम करायचं. नाही केलं, तर मुलीचं नाव यादीत नाही. मागच्या वर्षी मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, छातीठोकपणे सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी मी जाणार." पुढचं वर्ष उगवलं आणि त्याचा गुडघा दुखायला लागला. हा गुडघा फार हुशार आहे. बॅडमिंटनला दुखत नाही.

"तू जा ना अनघा," तो म्हणाला, "तुझं तर कामच आहे चुका शोधायचं."

तेही खरं. मी एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि कुठे, कशी, कितव्या पायरीला चूक झाली ते लिहून ठेवायचं, यावर आमचं घर चालतं. शाळेच्या ईमेलमध्ये माझ्या नावापुढे 'गेट जज' असं आलं, तेव्हा मला वाटलं, फाटकापाशी उभं राहून आत येणाऱ्यांचे पास तपासायचे असतील. चला, सोपं आहे. तेव्हा हसले होते मी.

आमच्या गुंगालिनहून निघालो आणि वाटेतलं कूमा गाव मागे पडलं की देश बदलतो. पिवळं पडलेलं गवत, मोठमोठे गोल दगड, रस्त्याकडेला गाडीखाली आलेली कांगारू. झाडं कमी होत जातात आणि मग एका वळणावर समोर पांढरी रेघ दिसते. सानिकाने कानातले इअरफोन काढले आणि म्हणाली, "लुक, आई." एवढंच. पंधरा वर्षांच्या मुलीकडून एवढं पुष्कळ असतं.

आम्ही राहिलो ते एका स्की क्लबच्या लॉजमध्ये, जिंडाबाइनपासून वर डोंगरात. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर कामांची यादी. माझ्या नावापुढे 'भांडी'. बरं, भांडी मला नवीन नाहीत. पण माझ्या शेजारच्या नावापुढे 'टॉयलेट' होतं, आणि ते नाव सिडनीच्या एका हार्ट सर्जनचं निघालं. तो माणूस हसतमुखाने ब्रश घेऊन आत गेला आणि शीळ घालत कमोड घासायला लागला. मी दारात थिजले. आमच्या सोसायटीत हे कुणाला सांगितलं असतं, तर 'बिचाऱ्याची प्रॅक्टिस चालत नसेल' असं म्हणाले असते.

जेवायला भोपळ्याचं सूप आणि ब्रेड होता. मी गुपचूप चिवड्याचा डबा काढला. समोर एक तपकिरी वेण्यांची, ठिपक्याठिपक्यांच्या गालांची मुलगी बसली होती. ती डब्याकडे टक लावून बघत होती. मी डबा पुढे केला. तिने एक चिमूट घेतली, मग एक मूठ, मग दुसरी मूठ.

"जॉर्जी, श्वास घे," तिच्या शेजारची बाई म्हणाली.

ही हेलन. सत्तरी ओलांडलेली, कूमाजवळ मेंढ्यांचं फार्म, एका बाजूचा खुबा स्टीलचा, आणि तरीही रोज स्कीइंग. जॉर्जी तिची नात. सानिकाच्याच वयाची, पण दुसऱ्या शाळेची. आणि हेलन होती सगळ्या गेट जजेसची प्रमुख, म्हणजे माझी साहेबीण. मी दोनदा पटापट नमस्कारासारखी मान डोलावली. सवय!

पोरींच्या गप्पांमधून मला शर्यतीचं गणित कळलं. शनिवारी सगळ्या जणी धावणार. त्यातल्या पहिल्या पंधरा रविवारच्या फायनलला. मागच्या वर्षी सानिका अठरावी आली होती आणि जॉर्जी सतरावी. दोघींना या वर्षी काहीही करून त्या पंधरात जायचं होतं. दोघी एकमेकींना "यू आर सो गेटिंग इन" म्हणत होत्या आणि दोघींचे चेहरे पांढरे पडले होते.

शनिवार: धुक्यात

सकाळी सहाला उठवलं. सात वाजता आम्ही वीस-बावीस आईबाप बर्फात गोल करून उभे. हेलनने प्रत्येकाला एक पाटी, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड दिलं. मी विचारलं, पेन नाही का? "शाई गोठते, लव्ह," ती म्हणाली. शाई गोठते! मग माझं काय होणार, हे मी विचारलं नाही.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उतारावर वरपासून खालपर्यंत लाल आणि निळ्या काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात. एक जोडी म्हणजे एक गेट. मुलींनी प्रत्येक गेटमधून, दोन्ही पाय आत, असं नागमोडी खाली यायचं. एक जरी गेट चुकलं तरी बाद. आणि ते बघायला दर तीन-चार गेटांमागे एक माणूस. तो म्हणजे गेट जज. मला स्कीइंग येत नाही, म्हणून पायी चढता येतील अशी खालची गेटं दिली, पंचवीस ते अठ्ठावीस.

हेलनने नियम सांगितले. चूक झाली तर नुसती फुली मारायची नाही, चित्र काढायचं. काठ्या कुठे, स्कीच्या, म्हणजे पायांतल्या लांब पट्ट्यांच्या, रेघा कुठून गेल्या, सगळं. एखादी मुलगी पडली, गेट चुकलं, तर तिला परत वर चढून ते गेट घेता येतं. तिला कळलं नाही आणि तिने विचारलं, तर आपण दोनच शब्द बोलायचे. बरोबर असेल तर 'गो', चुकलं असेल तर 'बॅक'. बाकी तोंड बंद. टाळ्या नाहीत, शाबास नाही.

"आणि हात लावायचा नाही," हेलन म्हणाली. "तिला लागलं असेल, रक्त असेल, ती उठत नसेल, तर शर्यत थांबवा आणि मला रेडिओवर बोलवा. नाहीतर हात खिशात. तुम्ही मदत केलीत आणि तिने घेतली, तर ती बाद."

मी मान डोलावली. खरं सांगते, मी ऐकलं होतं. पण कानाने ऐकणं वेगळं.

बुटांना खाली खिळ्यांचे पट्टे बांधून मी माझ्या जागेवर चढले. चढले म्हणजे दोनदा घसरून आदळले आणि तिसऱ्यांदा चार पायांवर पोचले. शर्यत सुरू झाली. आपल्याकडे पोर घसरगुंडीवरून घसरताना आई खाली हात पसरून उभी असते. इथे डोंगरावरून मुली सुटत होत्या, काठ्यांवर धाडधाड हात मारत, माझ्या नाकासमोरून बर्फाचा फवारा उडवत. एक मुलगी तर काठीला धडकून अशी कोलांटली की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती उठून चालायला लागली होती आणि खाली तिचे वडील कॉफी पीत होते. कॉफी!

डब्यातलं थालीपीठ काढलं, तर ते पाटीसारखं कडक झालेलं. दातांनी तोडून तसंच खाल्लं. दहाच्या सुमारास धुकं उतरलं. वरचा जज दिसेनासा झाला, मग खालचाही. मी, माझी चार गेटं आणि पांढरं. एवढंच जग उरलं. मुली धुक्यातून अचानक उगवायच्या आणि धुक्यात जायच्या. सानिका गेली, मी तिच्या पाठीवरचा नंबर वाचेपर्यंत गेलीसुद्धा. गेटं सगळी बरोबर. जरा हळू वाटली मला, धुक्यामुळे असेल.

मग जॉर्जी आली. तपकिरी वेण्या हेल्मेटखालून उडत होत्या म्हणून लगेच ओळखलं. पंचवीस घेतलं, सव्वीस घेतलं, सत्ताविसाव्याला तिची आतली स्की अडकली आणि पोरगी आदळली ती थेट माझ्या पायापाशी. गेट वर राहिलं. ती पालथी, एक पाय मुडपलेला, तोंडात बर्फ. आणि तिने वर बघितलं.

मी काय केलं ते सांगते. मी पाटी टाकली. "अगं बाई गं! लागलं का गं बाळा?" असं शुद्ध मराठीत ओरडत पुढे गेले, हात दिला, तिने तो धरला आणि मी तिला ओढून उभी केली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं म्हणू नका, नसतंच चाललं. पण मी खाली वाकून तिच्या गुडघ्यावरचा बर्फ झटकला. "काही नाही झालं, काही नाही, मुंगी मेली बघ!"

जॉर्जी माझ्याकडे बघत राहिली. एक क्षणभरच. मग वळली, स्की आडव्या करत वर चढली, सत्ताविसावं गेट व्यवस्थित घेतलं आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

आणि मग हेलनचं वाक्य माझ्या डोक्यात वाजलं. हात खिशात. पाटी बर्फात पडली होती, ती उचलली. माझ्या शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू पडलं, की ड्रिलच्या बाई स्वतः उचलून चमच्यात ठेवायच्या. पडलेल्या मुलीला पळत जाऊन ग्लुकोजचं पाणी द्यायच्या. आमच्याकडे पंच म्हणजे मैदानावरची जास्तीची आई. हेच बघत मोठी झाले मी. पण हे मी कुणाला सांगणार? वरून पुढच्या मुलीची शिट्टी झाली आणि मला पुन्हा काठ्यांकडे बघावं लागलं.

कार्डावर जॉर्जीच्या नंबरापुढची जागा कोरी राहिली.

खाली आले, तेव्हा लाउडस्पीकरवर कच्चे निकाल सांगत होते. धुक्यात बऱ्याच जणी पडल्या होत्या, म्हणून वर चढून वेळ गेलेला असूनही जॉर्जी पंधरावी. सोळावी सानिका.

विचार करा. मी लिहिलं, तर जॉर्जी बाद आणि माझी मुलगी फायनलला. लोक काय म्हणतील? हिने स्वतःच्या पोरीसाठी दुसरीचा काटा काढला. धुक्यात कुणी पाहिलं नाही, हिने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. आणि नाही लिहिलं, तर ते कार्ड खोटं. त्यावर माझी सही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहून पोट भरलं, आणि स्वतःची एक चूक लिहायची वेळ आली तर पेन्सिल हलेना.

सानिका कुंपणापाशी उभी होती. डोळे लाल. "एका सेकंदाने, आई," ती म्हणाली. "वन सेकंड." मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्या हातातली पाटी दिसत राहिली.

माझी चूक, आणि शिक्षा जॉर्जीला. हा कुठला न्याय? मला खरंच संताप आला. पण संताप कार्डावर लिहायला जागा नव्हती. मी बाकावर बसले आणि चित्र काढलं. काठ्या, पडल्याची जागा, वर चढल्याची रेघ. खाली लिहिलं, 'मी हात दिला. गुडघे झटकले.' आणि सही केली.

हेलन कार्डं गोळा करत होती. माझं कार्ड तिने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. तिची स्वतःची नात! मला वाटलं, आता ही मला इथल्या इथे गाडणार.

"तू तिचा हात धरलास, की तिने तुझा धरला?" तिने विचारलं.

"मी पुढे केला. तिने धरला."

"मग तेही लिही," हेलन म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी लिहिलं. तिने खाली वेळ घातली आणि कार्ड नियमवाल्यांच्या खोलीत नेलं, जिथे तीन जण बसून असल्या गोष्टींचा निकाल देतात.

मलाही आत बोलावलं. मी तिथे भांडले. होय, भांडले. म्हटलं, मी तिच्या वाटेत आले, मी तिला अडथळा केला, तिला परत धावू द्या. मधला माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही आडव्या आला असतात आणि तिने तिथेच थांबून तक्रार केली असती, तर तिला दुसरी संधी मिळाली असती. तुम्ही आडव्या आला नाहीत. तुम्ही मदत केलीत."

ऐकलंत? धक्का मारला असता, तर पोरीला दुसरी संधी. हात दिला, म्हणून बाद. मी तोंडात मारल्यासारखी बाहेर आले.

दुपारी बोर्डावर कागद लागला. जॉर्जीचा नंबर, गेट सत्तावीस, कारण, आणि त्यापुढे जजचं नाव. म्हणजे माझं नाव! ठळक अक्षरात, सगळ्या गावाने वाचावं असं. हरकत घ्यायला पंधरा मिनिटं असतात. मी बोर्डासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात जॉर्जीच्या कोचला विनवत होते, घे बाबा हरकत, घे. तो आला, कागद वाचला, खांदे उडवले आणि गेला.

मग जॉर्जी आली. मी सॉरी म्हटलं.

"इट्स ओके," ती म्हणाली. "मला नियम माहीत होता. तरी मी हात धरला." आणि जरा थांबून, "तो चिवडा उरलाय?"

मी अख्खा डबा तिच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सर्जनसाहेबांनी घासलेलं स्वच्छ बाथरूम होतं, तेवढंच बरं.

सानिका मात्र पेटली होती. "मी माझ्या स्पीडने नाही आले, आई. तू जॉर्जीला काढलंस म्हणून आले. एव्हरीवन नोज!" मी म्हटलं, अगं, मी खरं तेच लिहिलं. "तू मदतच का केलीस पण? हू डझ दॅट?" मी आणि तिचा बाबा आणि आमचं सगळं खानदान डझ दॅट, हे तिला कसं सांगू. तिने जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मी यादीप्रमाणे भांडी घासली, आणि दोन बशा फोडल्या.

रविवार: ऊन

सकाळी उठले तर धुक्याचा मागमूस नाही. आकाश असं निळं की डोळे दुखावेत. बर्फातून वाकडीतिकडी युकॅलिप्टसची झाडं डोकं काढून उभी, त्यांच्या खोडांवर हिरवे-तांबडे पट्टे. हेच काल इथे होतं आणि मला दिसलं नव्हतं.

सानिका बूट चढवत होती. वर न बघता म्हणाली, "आज तू माझ्या गेटवर नाहीस ना? प्लीज सांग नाहीस म्हणून."

मी हेलनकडे गेले. म्हटलं, मला आज दुसरं काहीतरी दे. चहा वाटते, काठ्या वाहते. माझी मुलगी आज धावते आहे.

"काल माझी नात धावत होती," हेलन म्हणाली आणि कार्ड पुढे केलं. गेट पंचवीस ते अठ्ठावीस. सानिकाला मी खोटं सांगितलं नाही. तिने फक्त मान फिरवली.

मी जागेवर जाऊन उभी राहिले. पायांनी खाली बर्फ तुडवून दोन खळगे केले आणि त्यात बूट रुतवले. डावा हात खिशात, उजव्यात पेन्सिल. मनाशी म्हटलं, अनघा, आज तू खांब आहेस.

पंधरा जणी एकामागून एक. सानिका शेवटची. ती उगवली आणि मला तिच्या वेगावरूनच कळलं, पोरगी आज चिडून धावते आहे. कालचं सगळं त्या काठ्यांवर काढत होती. पंचवीस. सव्वीस. आणि सत्तावीस, तेच मेलं गेट, तिथेच काल सगळ्यांच्या स्कींनी खड्डा पडला होता. तिची बाहेरची स्की निसटली. ती एका कुशीवर पडली, घसरत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबली. दोन हातांवर! हात लांब केला असता तर हेल्मेटला लागला असता.

ती हलेना. मी एक मोजला. रक्त दिसतंय का बघितलं. दोन मोजले. काय मोजते आहे मी, ही माझी पोर आहे, हिला मी नऊ महिने... तीन. मग तिचा हात हलला. तिने कोपरावर जोर दिला, उठायला गेली, घसरली, पुन्हा पडली. माझा डावा हात खिशात अस्तर फाटेल इतका आत गेला होता. उजव्या हातात काडकन काहीतरी मोडलं.

ती उठली. सगळं तोंड बर्फाने भरलेलं. आजूबाजूला बघितलं, गेट घेतलं की नाही ते तिला कळत नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"गो?" तिने विचारलं.

आयुष्यात तिने मला जे जे विचारलं त्यातलं हे सगळ्यात लहान. आणि तिला काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. खाली शेवटची रेघ दिसत होती, माणसं दिसत होती, फक्त उतरायचं.

"बॅक!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की झाडावरचे कावळे उडाले. "बॅक!"

ती वळली. आडव्या पायांनी, एक-एक वीत, चढायला लागली. एकदा घसरली, अर्धं चढलेलं गेलं. परत चढली. मी बघत उभी. किती वेळ लागला देव जाणे, मला आठवतं ते एवढंच की तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिने काठी ओलांडली, वळली, सत्तावीस घेतलं, अठ्ठावीस घेतलं आणि माझ्या अंगावर बर्फ उडवत गेली.

चौदावी आली. एक जण वरतीच गेट चुकून बाद झाली होती. म्हणजे शेवटची म्हणा ना.

मी कार्डावर चित्र काढलं. पडली इथे, विचारलं इथे, चढली इथून. चूक नाही. पेन्सिल मधोमध मोडली होती, टोकाच्या अर्ध्या तुकड्याने लिहिलं. हेलनने कार्ड वाचलं, मग तो तुकडा बघितला. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, चोळला, जसं आपण थंडीत लहान मुलांचे चोळतो तसा. शर्यत संपली होती, आता हात लावायला परवानगी होती. मग खिशातून नवी पेन्सिल काढून माझ्या पाटीला बांधली. "पुढच्या वर्षासाठी," म्हणाली.

घरी

येताना गाडीत सानिका कूमापर्यंत झोपली. मग उठून मोबाइल बघत बसली. मला वाटलं, हा राग आता वर्षभर चालणार.

गुंगालिनला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मंदारने आमटी-भात तयार ठेवला होता, त्या एका गोष्टीसाठी त्याचा गुडघा मी माफ केला. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. जॉर्जीचं सांगितलं, तेव्हा तो हळहळला. सानिकाचं सांगायला लागले, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे पोर पडली," तो म्हणाला, "दोन हातांवर. दोनदा पडली. आणि तू नुसती उभी राहिलीस? खिशात हात घालून? तू? अनघा, तू?"

नियम सांगितले असते, पण ते इथे, आमटीच्या वासात, फार वेड्यासारखे वाटत होते. मी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्या दोघांना दिसू नये म्हणून आणखी कालवला.

सानिका पापड मोडत होती. तिने वर बघितलं, बापाकडे, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली,

"नुसती नाही, बाबा. आई तिथेच होती ना."